झाकण ठेवून पाच मिनिटं

१२ मार्च

आणि मी गाळणं शोधेपर्यंत त्यांनी दूध ओतलंसुद्धा. वर साखर. चमचा फिरवून झाल्यावर म्हणाले, "पांढरा चहा म्हणे. आता झाला पांढरा."

तुझी पुडी काल आली. पाठवणाऱ्याच्या जागी एका चहाच्या दुकानाचा शिक्का, पण पत्ता लिहिलेलं अक्षर तुझं. आतल्या चिठ्ठीतलंही. औषधाच्या दुकानात बाटल्यांवर लिहायचीस तसंच, आकड्यांखाली रेघ मारून. "पांढरा. पाणी उकळलेलं नको, उकळायच्या आधीचं. झाकण ठेवून ५ मिनिटं." चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

तुम्हा दोघांचं कायद्यानं मोडल्याला आता एक हिवाळा उलटला. तू कुठल्या गावी आहेस हे त्या शिक्क्यावरून कळलं. चहाच्या दुकानात आहेस हेही. आमच्या घरात होतीस तेव्हा चहाला शिवत नव्हतीस. कामावरून यायचीस आणि उभ्या उभ्या गरम पाणी प्यायचीस. तुझे सासरे म्हणायचे, मॅडम रेडिएटरमध्ये पाणी भरतायत.

तुझे सासरे असंच मी लिहिणार आहे. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. कोर्टानं तुमचं दोघांचं विचारलं. आमचं तिथे कुणी काही विचारलं नव्हतं.

तर त्यांनी तो चहा दूध-साखरेसह संपवला आणि म्हणाले, "मॅडमनं एवढ्या लांबून पाठवला, आणि चवच नाही."

"तुम्ही ठेवलीत का चव?"

"असती तर राहिली असती."

उरलेल्या पत्तीतल्या थोड्याचा मी दुपारी एकटीनं करून बघितला. पत्ती कसली, कळ्याच होत्या, अंगावर लव असलेल्या. पहिला घोट म्हणजे कोमट पाणी. दुसराही. कप खाली ठेवल्यावर मात्र तोंडात काहीतरी होतं. उन्हात वाळलेली चादर घडी घालताना नाकाशी येते ना, तेवढंच. मी पुन्हा कप उचलला तर रिकामा होता.

बाकी ठीक. त्यांना कवळी टाळूशी लागते आहे, डावीकडे, मागे. थोडी घासून दिली. माझ्याच हातची कवळी, त्यामुळे तक्रारही घरातच.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.


२ मे

दुसऱ्या पुडीतल्या गोळ्या बघून म्हणाले, "उंदराच्या लेंड्या."

मी चिठ्ठी वाचून दाखवली. ऊलाँग. त्यांनी त्याच शब्दाची दोन-तीनदा चेष्टा केली आणि मग खोलीत जाऊन डेपोतलं घड्याळ घेऊन आले. निवृत्त होताना साहेबांनी दिलेलं, तेच. इतकी वर्षं डेपोच्या फाटकाशी उभं राहून गाड्या वेळेवर सोडल्या, आता किटलीपाशी उभे राहतात. मिनिटं भरली की हात वर करून म्हणतात, "सुटली." मग मी गाळायचं. त्याआधी गाळलं तर चालत नाही, आणि नंतर गाळलं तर दिवसभर ऐकावं लागतं. तू दूध घालू नका असं कुठे लिहिलं नव्हतंस, पण घड्याळ हातात असल्यावर त्यांना दुधाची आठवण होत नाही.

गोळी पाण्यात उलगडते. आधी काही दिसत नाही. मग एकेक पान बाहेर येतं, देठासकट, तीन-तीन पानांचा झुबका. एवढासा गोळा आणि आत आख्खी डहाळी. त्यांनी एक काढून ताटलीत पसरवली आणि बघत बसले.

तीच पत्ती पुन्हा वापरायची असं तू लिहिलंस. त्यावर त्यांचं म्हणणं, "एकाच तिकिटावर किती फेऱ्या?" पण चारही फेऱ्या प्यायले. त्यांना दुसरा कप आवडला. मला चौथा. पहिल्या कपात चहाला बरंच काही दाखवायचं असतं. चौथ्यात त्याला घाई नसते.

आमच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे, तुला बहुतेक सांगितली नव्हती. कवळीचा नवा मसाला आला की त्याचे तुकडे करून चहात बुडवून ठेवायचे आणि रंग किती चढतो ते बघायचं. माणसं दिवसभर चहा पितात आणि मग दात पिवळे पडले म्हणून डॉक्टरांशी भांडतात. डॉक्टर आमच्याशी भांडतात. या वेळी मी तुझे दोन्ही चहा भांड्यांत भरून तुकडे टाकले. मालक येऊन वास घेऊन गेले. "बाई, इथे दात करायचे की पाहुणचार?"

प्रयोगाचं उरलेलं घरीच झालं. परवा सकाळी पेल्यातून कवळी काढली तर तपकिरी. यांनी झोपताना पाण्याऐवजी उरलेल्या ऊलाँगात टाकली होती. मी पॉलिश करून दिली. ती त्यांनी परत पेल्यात टाकली, म्हणाले, राहू दे. अजून लागते. परत घासून दिली तरी लागते. आता बोळक्या तोंडानंच पितात आणि सांगतात की चव जास्त कळते.

तुमच्या खोलीत मी शिवणाचं मशीन ठेवलंय. तुझा पंखा तसाच आहे.


२० जून

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात आरसा घातला, बघितलं, बाजूला झाल्या. हातमोजे काढून टाकले, नवे घातले आणि पुन्हा बघितलं.

या बाईंच्या दवाखान्यातलं काम आमच्या लॅबकडे येतंय त्याला, पोरी, वर्षं झाली. त्यांना मी हजार तोंडांत बघताना पाहिलंय. एकाच तोंडासाठी हातमोजे बदलताना पाहिलं नव्हतं.

तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

जखम कवळीमुळे झाली असं मी धरून चालले. कवळी करणारीला दुसरं काय सुचणार. जिथे दुखतं तिथे खूण करायची, तेवढी घासायची, परत बसवायची. मार्चपासून तेच केलं. कवळी बरोबर होती.

तुझी तिसरी पुडी त्याच दिवशी दारात होती. धुरावर वाळवलेला काळा चहा. पुडी फोडली तशी स्वयंपाकघरात कुणीतरी लाकडं पेटवल्यासारखं झालं. मी म्हटलं, आज नको. ते म्हणाले, आजच. घड्याळ आणलं, उभे राहिले, "सुटली" म्हणाले. पहिल्या घोटाला डोळे मिटले.

"डेपो," म्हणाले.

"काय?"

"हिवाळ्यात पहाटेची पाळी. ड्रायव्हर लोक पिंपात खोकी जाळायचे. तो वास. वर डिझेल." मग दुसरा घोट. "थोडं डिझेल कमी आहे. पण मॅडमला ओळख पटलीय माझी."

दूध आठवलं नाही, साखरही नाही. आत्तापर्यंतच्यात हा एक नंबर, असं तुला कळवायला सांगितलंय. कळवलं.


६ जुलै

तुकड्याचा निकाल आला. जे नको होतं तेच आहे.

साध्या शब्दांत लिहिते. टाळू म्हणजे तोंडाचं छत आणि नाकाची जमीन. त्याचा डावा भाग काढतील. तिथे भोक राहील. मग बोललेलं नाकात जातं आणि प्यायलेलं नाकातून येतं. ते भोक झाकायला एक प्लेट करतात, कवळीसारखीच, पण वर एक उंचवटा असतो, तो भोकात बसतो. नीट बसला तर माणूस बोलतो, पाणी पितो. नाही बसला तर सगळं घरात पाणी शिरल्यासारखं. अशा प्लेटी करणारी माणसं इथे दोन-तीन आहेत. त्यातली एक मी. दुसऱ्यांच्या तोंडासाठी बऱ्याच केल्यात. ती माणसं मी कधी बघितली नाहीत, फक्त प्लास्टरचे साचे बघितले.

त्यांनी बजावलं, मॅडमला कळवायचं नाही. मी म्हटलं, बरं. आणि कपडे वाळत घालून हे लिहायला बसले.

तू ये, असं मी लिहिणार नाही. तुला आता आमच्याकडे यायचं काही कारण नाही, हे मला कळतं. चिरंजीव आठवड्यातून एकदा येतात. अलीकडे कुणाबरोबर तरी जेवायला जातात असं दिसतं, शर्ट इस्त्रीचा असतो. विचारलं नाही.


११ ऑगस्ट

चौथी पुडी आली ती ढेपेसारखी, चाकूनं फोडून काढायची. जुना, मुरवलेला चहा. रंग इतका काळा की चमचा दिसत नाही. वास ओल्या मातीचा, बंद कपाटाचा. चिठ्ठीत तू लिहिलंस, पहिलं पाणी ओतून फेकून द्या, दुसऱ्या पाण्याचा प्या.

यावर फार वाद झाला. "पहिली गाडी रिकामी सोडायची? कुठल्या डेपोत शिकवतात हे?" शेवटी पहिलं पाणी त्यांनी कुंडीत घातलं, फेकलं असं कुणी म्हणू नये म्हणून. चहा मात्र त्यांना मानवला. पोटाला बरं वाटलं. मला तो आवडला नाही. पण मीही रोज एक कप पीत होते आणि हळूहळू न आवडण्याची सवय झाली.

माझं जुलैचं पत्र तुला पुडी पाठवण्याआधी मिळालं की नंतर, हे कळायला मार्ग नाही. चिठ्ठी नेहमीसारखीच आहे.

परवा ऑपरेशन. त्यांच्या टाळूचं माप मीच घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी घेते. ते म्हणाले, घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला. ट्रेमध्ये मसाला भरून तोंडात दाबून धरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत थांबायचं. पेशंटनं नाकानं श्वास घ्यायचा, बोलायचं नाही. मी तेवढ्यात घरपट्टीचं, गळक्या नळाचं, त्यांच्या बहिणीचं, सगळं बोलून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मध्ये तोडलं नाही. ट्रे काढल्यावर तोंड पुसत म्हणाले, "बहिणीचं राहू दे, पण नळाला माणूस बोलाव."

काल त्यांनी चारही डबे टेबलावर मांडले. पांढऱ्याचा रिकामाच होता, तरी मांडला. आणि नंबर लावले. धुराचा पहिला. जुना दुसरा. लेंड्या तिसऱ्या. पांढऱ्याबद्दल म्हणाले, "हा धरू नको. याला आपण नीट चालवलाच नाही."

मग धुराचा एक कप केला. सावकाश प्यायले. घड्याळ लावलं नाही.


३ ऑक्टोबर

पत्र लिहायला उशीर झाला. ऑपरेशन झालं. जेवढं काढायचं होतं तेवढं काढलं, असं सर्जन म्हणाले, आणि पुढे किरणं द्यावी लागतील. ती चालू आहेत. तोंड आतून भाजल्यासारखं झालंय. पोटाला नळी बसवली आहे, तिच्यातून दूध, सूप, औषधं. मी भरते. ते खिडकीकडे बघत असतात.

पुडी आली नाही. यायलाच पाहिजे असं नाही.

मी तुला जास्तच लिहिलं का, असं मनात येतं. चिरंजीव तेच म्हणाले. मागच्या महिन्यात एका रविवारी आला होता. मी टपालाची पेटी बघून वर आले तेव्हा त्यानं ओळखलं.

"आई, तिला अजून लिहितेस?"

"अधूनमधून."

"का ओझं देतेस तिला? माझ्यापासून सुटली ना. तुमच्यापासूनही सुटू दे."

"ती पुड्या पाठवत होती."

"दया म्हणून पाठवत असेल."

"दयेपोटी कोणी एवढं लिहीत नाही, झाकण ठेवून आणि न ठेवून."

त्यानं बाबांच्या नळीला पाणी लावून दिलं, त्याला आता जमतं. जाताना दारात म्हणाला, "मी चुकीचं बोललो असेन तर राहू दे." तो चुकीचं बोलला असं मला वाटत नाही. म्हणून मध्ये लिहिलं नव्हतं.


२४ नोव्हेंबर

पाटीवर त्यांनी लिहिलं, "बास."

काय झालं ते सांगते. किरणं संपली. तोंड बरं होत आलं. आता तोंडानं पिणं सुरू करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गिळणं हे घशाचं काम, ते फार दिवस बंद ठेवलं तर तो विसरतो. मग नळी कायमची. म्हणून नवी प्लेट केली, कारण किरणांनंतर सगळं आक्रसतं आणि जुनी बसत नाही. पहिल्या घोटाला पाणी नाकातून आलं. शर्टावर. त्यांनी रुमाल घेतला, पुसलं, घडी घालून बाजूला ठेवला. मी मागच्या कडेला भर घातली. पुन्हा आलं. मी नवीन माप घेऊन दुसरी प्लेट केली. या वेळी शेजारच्या बाई भेटायला आल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आलं.

त्या फार चांगल्या आहेत. त्यांनी लगेच पडद्याचं कापड कुठून आणलं ते विचारलं. पण त्यानंतर तुझ्या सासऱ्यांनी प्लेट काढून डबीत ठेवली आणि पाटी घेतली.

प्लेटशिवाय त्यांचं बोलणं मला कळतं, दुसऱ्या कुणाला कळत नाही. माझ्याशीही बोलत नाहीत. दुपारभर घड्याळ हातात घेऊन बसतात. किल्ली देतात, कानाशी धरतात, ठेवतात. काल मी धुराच्या चहाचा डबा त्यांच्या नाकाशी नेला. त्यांनी चेहरा वळवला. मग कळलं, वासही पूर्वीसारखा येत नसणार. मला हे आधी कळायला पाहिजे होतं.

तिसरी प्लेट करते आहे. रोज संध्याकाळी लॅबमध्ये थांबते. मेणात उंचवटा करायचा, थोडा खरवडायचा, थोडा वाढवायचा. दुसऱ्याचं काम असतं तर एव्हाना झालं असतं. मालक म्हणाले, बाई, मी करून देऊ? मी नको म्हटलं, आणि मग वाटलं की हो म्हणायला हवं होतं. तिसरीचं मेण मालकांकडून तपासून घेतलं. ते म्हणाले, कड चांगली आहे.

प्लेट तयार झाली तरी ती तोंडात घालायला माणूस तयार पाहिजे. तेवढंच आता राहिलंय. सर्जननी जानेवारीअखेरपर्यंत वाट बघू म्हटलंय, मग नळी कायमची ठेवायची.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, असं मी मार्चमध्ये लिहिलं होतं. ते तेव्हा खरं होतं.


१८ जानेवारी

चिरंजीव आज दुपारीच आले, ऑफिस सोडून. कोटाच्या आतल्या खिशातून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. तुझ्या अक्षरात त्याच्या ऑफिसचा पत्ता.

मी पत्ता पुन्हा वाचला.

"तिचा फोन आला होता," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात. मी नंबर बघून उचलणार नव्हतो."

"मग?"

"उचलला. पहिलंच विचारलं तिनं, बाबा आहेत ना."

"आणि तू काय म्हणालास?"

"आहेत म्हटलं. त्यावर फोन बाजूला ठेवल्यासारखा आवाज आला. मला वाटलं कट झाला. बऱ्याच वेळानं परत आली. म्हणाली, घरी पाठवली असती, पण ते नसले तर आईंना एकटीला पुडी उघडावी लागेल. म्हणून आधी विचारतेय."

तो खाली बघून बोलत होता. बोटानं टेबलावरचा डाग खरवडत होता, लहानपणी खरवडायचा तसा.

"तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राच्या पुढचं तिला काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तू लिहिलं नाहीस."

"तू म्हणालास ना, सुटू दे."

"म्हटलं होतं." डाग खरवडणं थांबवून, "मला सगळं विचारलं तिनं. किती गरम चालतं, किती घट्ट चालतं, आंबट चालतं का. मला काही सांगता येईना. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं आणि तिला परत फोन केला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "चांगलं बोललो आम्ही. इतकं चांगलं आम्ही एका घरात राहून बोललो नव्हतो."

मी तुझ्यावर रागावले नव्हते. थोडी रागावले होते. ते आता इथे लिहून संपवलं.

पुडी उघडली. अंगावर लव असलेल्या कळ्या. पहिलाच चहा, तो दूध घालून वाया घालवलेला. आणि या वेळी चिठ्ठी मोठी होती. मी ती यांच्यासमोर धरली, पण चष्मा नव्हता, म्हणून वाचून दाखवली.

"बाबांना गरम देऊ नका. हा थंड पाण्यातही मुरतो, फक्त वेळ लागतो. काचेच्या भांड्यात, झाकण ठेवून, रात्रभर. मी इथे बरेचदा करून बघितला, नऊ तासांनी चांगला लागतो, बारा तासांनी कडू होतो. टाळूला झोंबणार नाही. वास कमी येत असला तरी हा नंतर लागतो, घोट गिळून झाल्यावर, त्यामुळे कदाचित कळेल. दूध घालू नका. हे बाबांसाठी लिहिलंय."

शेवटचं वाक्य वाचल्यावर त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. चिरंजीव उठून उभे राहिले, त्यांना वाटलं ठसका लागला. तो ठसका नव्हता. ते हसले होते. इतक्या महिन्यांत तो आवाज कसा असतो हे आम्ही विसरलो होतो, आणि टाळू नसताना तो कसा येतो हे तर माहीतच नव्हतं.

त्यांनी चिठ्ठी मागून घेतली. जवळ धरून, लांब धरून पाहिली. चष्मा आणून दिला. मग स्वतः वाचली, पहिला शब्द बोटाखाली धरून. मग खिशात ठेवली, घड्याळाच्या खिशात.

पाटीवर लिहिलं, "किती वाजता?"

मी म्हटलं, "सकाळी."

"वेळ."

"सात."

त्यांनी बोटांवर मागे मोजलं. पाटी पुसून लिहिलं, "मग दहाला टाक. आधी नको."

म्हणजे मला दहापर्यंत जागं राहणं आलं. चिरंजीव इथेच थांबतो म्हणाले. शिवणाचं मशीन सरकवून त्याची गादी घातली. तुझा पंखा त्यानं पुसला, थंडीत, काही कारण नसताना. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दहाला काचेच्या बरणीत कळ्या टाकल्या. तरंगतात. वर बशी झाकण म्हणून ठेवली. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, घड्याळ घेऊन. हात वर केला नाही, नुसतं बघितलं आणि झोपायला गेले. डबीतली तिसरी प्लेट मी धुऊन ओल्या कापडात ठेवली आहे. ती बरोबर बसेल की नाही, मला सांगता येत नाही. माझ्या कामाबद्दल मला सांगता येत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

हे सकाळी टाकते.


ता. क.

सात वाजता ते टेबलाशी दाढी करून बसले होते. बरणीतल्या कळ्या तळाला गेल्या होत्या, पाणी फिकट पिवळं. गाळून अर्धा कप दिला. प्लेट त्यांनी स्वतः बसवली, मला हात लावू दिला नाही. पहिला घोट घेतला, गिळला, थांबले. डाव्या नाकपुडीत ओल आली. थेंब पडला नाही. दुसरा घोट घेतला, काही आलं नाही. तिसरा घेऊन कप ठेवला आणि बराच वेळ नुसते बसून राहिले, तोंड मिटून. मग म्हणाले, "चादर." पाटीवर नाही. तोंडानं, थोडं नाकात, पण चिरंजीवांनाही कळलं. मी चादरीचं तुला लिहिलं होतं, त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

प्लेट मागच्या कडेला किंचित कमी पडते. आज लॅबमध्ये नेऊन भर घालते. बरणीतला उरलेला चहा त्यांनी झाकून ठेवायला सांगितलाय, बारा तास व्हायच्या आत पिणार आहेत.